जुईला विचारा

पशुसंवर्धन खात्यात जन्म घालवलेल्या माणसाला एक खोड लागते. आमचा रोगी बोलत नाही. म्हशीला काय होते आहे ते मालकाला विचारायचे, मालकाने सांगायचे, आपण औषध द्यायचे. म्हैस बाजूला उभी राहून शेपटी हलवते. देगलूर तालुक्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून मी सारी नोकरी अशी केली आणि घरी आल्यावरही माझी पद्धत बदलली नाही. पाहुणे माझ्या एकुलत्या मुलीला, शैलाला, विचारत, "काय गं, पुढे काय करणार?" आणि उत्तर मी देत असे.

यंदा श्रावणाच्या तोंडावर शैलाच्या मुलीला, जुईला, घेऊन मी चार दिवस हैदराबादला जाऊन आलो. तिथे चारमिनार पाहिला नाही, बिर्याणी खाल्ली नाही, मोतीही आणले नाहीत, तेव्हा त्यासाठी कोणी हे वाचणार असेल तर त्याची निराशा होईल. आम्ही दोन विद्यापीठे पाहिली, एक चादर आणली. शिवाय आमच्या नातेवाइकांत तीस वर्षे सांगितली जाणारी एक गोष्ट खोटी आहे, हे जिला सांगायला हवे होते तिला सांगितले. ती गोष्ट मीच पसरवली होती.

गोष्ट अशी. शैलाला बी.एस्सी.नंतर हैदराबादच्या जुन्या विद्यापीठात वनस्पतिशास्त्राच्या एम.एस्सी.ला जागा मिळाली होती. राहायची सोय जामबागेत, माझी मावसबहीण कुसुमअक्का हिच्याकडे झाली होती. शैला गेली नाही. नांदेडला बी.एड. करून ती देगलूरच्या शाळेत विज्ञान शिकवू लागली. का गेली नाही, असे कुणी विचारले की मी सांगे, "तिनंच नको म्हटलं. तिला घर सोडवत नाही." खरे म्हणजे मला तिला सोडवत नव्हते. संध्याकाळी दौऱ्यावरून परतलो की ती दारात दिसायची. ती दिसणार नाही, या विचारानेच मला घास जाईना. मग एकदा जेवताना मी म्हणालो, "हैदराबाद लांब पडतं. नांदेडला बी.एड. कर." ती म्हणाली, "चालेल." त्या एका शब्दावर मी सगळे ठरवून टाकले. मुलींच्या शिक्षणावर गावोगाव भाषणे देणारा माणूस मी. दोष माझ्याकडे येऊ नये म्हणून तो तिच्या अंगावर घातला.

आता जुईचीही बी.एस्सी. झाली. विषय आईचाच. तारनाक्याजवळच्या त्या जुन्या विद्यापीठात आणि गच्चीबावलीकडच्या नव्या विद्यापीठात, दोन्हीकडे यादीत तिचे नाव लागले. सोमवारपर्यंत एकीकडचा प्रवेश पक्का करायचा होता. कुठे जायचे हे जुईला ठरवता येईना, आणि येत असेल तरी सांगता येईना. ती इतकी लाजाळू आहे की दुकानात जाऊन पेन मागायचे तर आधी दाराबाहेर दोनदा फिरते. शैलाला शाळेतून रजा मिळेना, जावई नोकरीनिमित्त चंद्रपूरकडे. पत्नी गेल्यापासून मी शैलाकडेच राहतो, मोकळा माणूस मीच. बसस्टँडवर मी शैलाला म्हणालो, "या वेळी मी तोंड उघडणार नाही. जे ठरवायचं ते जुई ठरवील."

"बघू," शैला म्हणाली.

जामबाग

बस संगारेड्डीजवळ एका हॉटेलापाशी थांबली. पोऱ्याने जुईकडे पाहून विचारले, "काय देऊ?" मी म्हणालो, "तिला चहा, साखर कमी." जुईने चहा घेतला. पुढे पटनचेरू गेल्यावर ती खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "आबा, मी मार्चपासून चहा सोडलाय." माझे व्रत पहिल्याच चहाला मोडले होते.

दुपारी उतरलो आणि रिक्षाने जामबागेत गेलो. अक्काचे बिऱ्हाड एका स्टेशनरीच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर आहे. मुलगा आणि सून दूर कुकटपल्लीला राहतात आणि रविवारी येतात. एरवी अक्का एकटी. वय अठ्ठ्याहत्तर, पण जिना चढताना आमच्या पुढे. आजूबाजूला शाळा-कॉलेजे इतकी की दुपारी सुटण्याच्या वेळी खालच्या गल्लीत पाय ठेवायला जागा नसते. अक्का म्हणते तिला या गोंगाटाशिवाय झोप येत नाही.

"दिगू, किती वाळलास रे तू. आणि ही जुई? हौ बाई, नाक तर शैलाचंच." अक्काची मराठी साठ वर्षे हैदराबादेत मुरलेली आहे. आमच्या देगलूरलाही तेलुगू-उर्दूचे वारे लागते, पण अक्काच्या बोलण्यात ते घर करून बसले आहे.

तिच्याकडची वाढायची रीत मात्र आमच्याहून अगदी वेगळी. देगलूरला आम्ही "वाढू का?" विचारतो, पाहुणा दोनदा "नको" म्हणतो आणि तिसऱ्यांदा ताट पुढे करतो. अक्का विचारत नाही. बगारा भात, चिंचेची खट्टी डाळ आणि दाण्यातिळाच्या वाटणातला मिरचीचा सालन तिने ताटात वाढला आणि आमच्या तोंडाकडे पाहत बसली.

"अजून?" तिने जुईला विचारले.

"चालेल," जुई म्हणाली. तिला नको होते, हे मला कळत होते. अक्काने मोठा डाव भरून वाढला. थोड्या वेळाने पुन्हा विचारले, पुन्हा "चालेल", पुन्हा डाव. तिसऱ्या वेळी पोरीच्या डोळ्यांत पाणी आले. ते मिरचीने आले की पोट भरल्याने, ते तिलाच ठाऊक.

"आमच्याकडं नक्को म्हणायचं असेल तर नक्को म्हणायचं," अक्का म्हणाली. "कुणाला राग येत नाही. तुझ्या आईनं नाही का म्हटलं?" मग माझ्याकडे न पाहता ती जुईला सांगू लागली, "ती खिडकी दिसते ना, त्याच्याखाली तिची कॉट टाकली होती. सुताराला बोलावून पुस्तकाला फळी ठोकून घेतली. मग तुझ्या आबाचं पत्र आलं, शैला नाही म्हणते. आता काय की, आमचं घर तिच्या मनाला आलं नसेल. दुकानाच्या वरचं घर, खाली शाईचा वास."

जुईने माझ्याकडे पाहिले. तिलाही हीच गोष्ट मी सांगितली होती. मी पाण्याचा तांब्या उचलला आणि कारण नसताना पाणी प्यायलो. भिंतीवर ती फळी अजून होती. तिच्यावर आता अक्काच्या औषधांच्या बाटल्या होत्या.

तारनाका

दुसऱ्या दिवशी सकाळी तारनाक्याला गेलो. शहराच्या इतक्या आत एवढी जागा एका विद्यापीठाला मिळालेली पाहून आमच्याकडच्या माणसाला आधी त्यात किती ज्वारी निघेल हाच हिशेब सुचतो. मोठ्या दगडी इमारतीच्या पायऱ्या चढताना माझा ऊर भरून आला. झाडांखाली, कट्ट्यांवर, जिथे सावली असेल तिथे मुले-मुली नोकरीच्या परीक्षांची जाडजूड पुस्तके उघडून बसली होती. कुणी कुणाकडे पाहत नव्हते. एका झाडाखाली डब्यातला पुलिहोरा, म्हणजे चिंचेचा भात, चार जणांत फिरत होता. त्यांतल्या एकाने काही न विचारता मलाही घासभर दिला. आमच्याकडे अनोळखी म्हाताऱ्याला आधी गाव विचारतात, मग आडनाव, मग घास.

खरे सांगायचे तर हेच विद्यापीठ जुईने घ्यावे, असे मी देगलूरहून निघतानाच मनात पक्के केले होते. तोंड उघडणार नाही असे शैलाला सांगितले होते, पण मनाला कुलूप घातले नव्हते. आईची हुकलेली जागा मुलीला मिळेल, अक्काच्या खिडकीखाली पुन्हा कॉट पडेल, त्या फळीवर पुन्हा पुस्तके येतील. एवढे झाले की माझे डोके हलके होईल, असा माझा हिशेब होता.

वनस्पतिशास्त्र विभागात एक प्राध्यापिका भेटल्या. खुर्चीवर पाय वर घेऊन बसलेल्या, समोर गवताच्या वाळवलेल्या काड्यांचा ढीग. त्यांनी जुईला हिंदीत विचारले, "तुम्हें किस चीज़ में इंटरेस्ट है?"

जुईने ओठ उघडले. तिला शब्द सापडेपर्यंत जरा वेळ लागतो, आणि तेवढाच वेळ मला नेहमी असह्य होतो. "गवतामध्ये," मी म्हणालो. "इसकी माँ भी बहुत होशियार थी, यहीं सीट मिला था उसको."

बाईंनी चष्मा खाली करून माझ्याकडे पाहिले. "अंकल, ॲडमिशन आपको लेना है क्या? लेना है तो लाइन उधर है."

मागे उभी असलेली दोन मुले हसली. मी बाहेर येऊन कट्ट्यावर बसलो. आत जुई बराच वेळ होती. काय बोलणे झाले ते विचारायचे नाही असे ठरवले होते, पण ती बाहेर आल्यावर न राहवून विचारलेच, "कसं वाटलं?"

"छान आहे. बाई चांगल्या आहेत. झाडं खूप जुनी आहेत."

"मग हेच घ्यायचं? अक्काकडे राहायची सोय पण आहे."

जुई चालत राहिली. वाळलेल्या शेंगांवर पाय पडून कटकट आवाज होत होता. मग ती म्हणाली, "चालेल."

मी आनंदात रिक्षा केली. वाटेत इराण्याच्या हॉटेलात थांबलो, जुईला बिस्किटे आणि मला चहा. तिने बिस्किटाचा भुगा करून बशीच्या कडेने गोल लावला. ते मी पाहिले होते. पाहून न पाहिल्यासारखे केले.

सुलतान बाजार

मी अक्काला सांगितले की जुई जुन्या विद्यापीठात जाईल आणि तुझ्याकडे राहील. अक्काने लगेच पदर खोचला. "चला, चादर घ्यायची." संध्याकाळी आम्ही तिघे सुलतान बाजारात गेलो. हा बाजार चालण्यासाठी नाही, ढकलले जाण्यासाठी आहे. एका हाताला बांगड्यांचे ढीग, दुसऱ्या हाताला पुस्तकांचे, मधून रिक्षा, आणि वर मेट्रोच्या पुलाची सावली. अक्का त्या गर्दीतून पाण्यात मासोळी शिरावी तशी गेली.

तिच्या ओळखीच्या दुकानदाराने गादीवर चादरी पसरल्या. अक्का म्हणाली, "अच्छी दिखाओ भई, फूलवाली. इसकी माँ तो आती नक्को बोल दी थी. अब बेटी आ रई."

दुकानदार हसून म्हणाला, "माँ को हैदराबाद नक्को हुआ क्या?"

जुईने मान खाली घातली. आईविषयी असे बोललेले तिला आवडले नव्हते आणि तिला काही बोलताही येत नव्हते. मला एकदम वाटले, हे आता इथेच थांबवले पाहिजे, नाही तर मी मेल्यावरही कुठल्या तरी चादरीच्या दुकानात शैला "नक्को" म्हणत राहील.

"अक्का, जरा बाहेर ये," मी म्हणालो. दुकानाच्या पायरीवर आम्ही तिघे उभे राहिलो. शेजारी उसाच्या रसाचे यंत्र घुंगरू वाजवत होते, त्यामुळे मला जे बोलायचे होते ते मोठ्याने बोलावे लागले. "शैलानं नाही म्हटलं नव्हतं. मी तिला पाठवलं नाही. तुझ्या घराला तिनं कधी नाव ठेवलं नाही. ते पत्र खोटं होतं."

अक्का रसाच्या यंत्राकडे पाहत राहिली. रसवाल्याने तीन पेले धरले, तिने हातानेच नको म्हटले.

"तीस वर्षं," ती म्हणाली. "ती पोर दर दिवाळीला फोन करते. अक्काआत्या कशी आहेस, म्हणते. आणि मी बरी आहे म्हणून ठेवून देते. मला वाटायचं, घर नको होतं आणि आता गोड बोलते. दिगू, तुझं तू सांगून मोकळा झालास. माझे ते फोन कोण परत करणार?"

मी म्हणालो, "म्हणून तर जुईला तुझ्याकडे आणलं."

अक्काने माझ्याकडे असे पाहिले की मी बोलायचा थांबलो. मग ती परत दुकानात गेली. "ती निळ्या फुलांची द्या," तिने सांगितले. पैसे देताना तिने घासाघीस केली नाही. दुकानदार बिचारा घाबरला असावा. त्याने न मागता दोन उशांचे अभ्रे घडीत घातले.

घरी जाताना जुई माझ्याशी बोलली नाही. तिचे न बोलणे मी ओळखतो. हे वेगळे होते. या खेपेला तिला शब्द सापडत नव्हते असे नव्हते. ते सापडले होते आणि ती ते बाजूला ठेवत होती.

गच्चीबावली

तिसऱ्या दिवशी नवे विद्यापीठ. मला ते पाहायचे नव्हते, पण जुई सकाळी आंघोळ करून पिशवी घेऊन दाराशी उभी होती. "यायचं तर ठरलंच होतं, आबा," ती म्हणाली. मेट्रोने रायदुर्गपर्यंत आणि तिथून रिक्षा. काचेच्या इमारती संपतात आणि एकाएकी मोठमोठे दगड सुरू होतात. हत्तीएवढे गोटे एकावर एक असे ठेवलेले, की धक्का लागला तर घरंगळतील असे वाटते. विद्यापीठ त्या दगडांच्या मधून वाट काढत बसलेले आहे.

विभागाच्या दारात मी थांबलो. "तू जा. मी इकडे फिरतो," मी म्हणालो. या वेळी खरोखरच तोंड बंद ठेवायचे होते आणि ते आत जाऊन जमणार नाही, हे मला काल कळले होते. जुई आत गेली. माझा फोन तिच्या पिशवीत राहिला.

मी रस्त्याने चाललो होतो तेव्हा तळ्याच्या अंगाला म्हशींचा एक कळप दिसला. त्यातली एक म्हैस मागचा डावा पाय उचलून टाकत होती. आता या वयात माणसाने दुर्लक्ष करावे. पण मी रस्ता सोडला आणि तिच्या मागे निघालो. मला तिचा मालक हवा होता. किती दिवसांपासून लंगडते, चारा खाते का, हे त्याला विचारायचे होते. कळप दगडांमधून गेला, मीही गेलो. झुडपे ओलांडली, एक तुटका बांध ओलांडला. मालक कुठेच नव्हता. मागे वळून पाहिले तर चारी बाजूंनी सारखेच दगड. मी हरवलो होतो.

थोडी भीती वाटली, हे कबूल करतो. मग म्हैस पाण्याकाठी उभी राहिली आणि मी एका सपाट दगडावर बसलो. विचारायला कोणीच नव्हते, त्यामुळे मी नुसता तिच्याकडे पाहत बसलो. ती टाच टेकत होती, पुढचा भाग टेकत नव्हती. दोन खुरांच्या मध्ये काहीतरी रुतले होते. पाण्यात गेली, चिखलात पाय घोळला, पुन्हा टेकून पाहिला. तिचे तिला कळत होते. नोकरीत असताना इतका वेळ मी कुठल्या जनावराकडे पाहिले असेल असे वाटत नाही. मालक तोपर्यंत सगळे सांगून मोकळा झालेला असे.

ऊन कलले तेव्हा दगडांमागून आवाज आला, "आबा!" जुईचा आवाज एवढा मोठा असू शकतो, हे मला माहीत नव्हते. तिच्याबरोबर सायकल हातात धरलेली एक उंच मुलगी आणि शिट्टीवाला एक रखवालदार होता.

"ये तुम्हारे दादाजी हैं?" त्या मुलीने विचारले. "हम तो समझे छोटे बच्चे को ढूँढ रहे हैं. तुम इतना रो रही थी."

"रोई नहीं थी," जुई म्हणाली. "ज़ोर से बोल रही थी."

रखवालदार हसत निघून गेला. त्या मुलीने म्हशीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि काही न विचारता सायकल फिरवली. जुई धापा टाकत माझ्याजवळ दगडावर बसली.

"फोन माझ्याकडे. तुम्ही कुठे गेलात ते कुणाला माहीत नाही. मी कँटीनमध्ये विचारलं, लायब्ररीत विचारलं, गेटवर विचारलं. एका माळ्याला तर तेलुगूत विचारलं. मा तातगारु कनिपिंचारा, आमचे आजोबा दिसले का."

"दिसले होते का?"

"तो म्हणाला, एक म्हातारा म्हशीच्या मागं गेला. मी म्हटलं, तेच."

आम्ही दोघेही हसलो. मग ती गप्प झाली. मी तोंड उघडणार होतो, ते मिटले. म्हैस पाण्यातून बाहेर आली. एक पक्षी तिच्या पाठीवर बसला, उडाला. मला असह्य झाले तरी मी थांबलो.

"आबा," जुई म्हणाली, "मला जुन्या विद्यापीठात जायचं नाही."

"काल तर चालेल म्हणालीस."

"तुम्हाला हवं होतं म्हणून." ती दगडावरचे काहीतरी खरवडत होती. "तिथं सगळं छान आहे. पण ती आईची जागा होती. आईला जाता आलं असतं तर तिची झाली असती. आता ती मला देऊन आईला मिळत नाही. मी तिथं बसले की अक्काआजीला आई दिसणार, तुम्हाला आई दिसणार. मग मी कुठं बसू?"

मी पुन्हा म्हशीकडे पाहिले.

"आणि हे बघा." तिने बोटाने दाखवले. दगडाच्या भेगेत मुठीएवढी, तपकिरी, आवळून घेतलेली एक वनस्पती होती. वाळलेला चेंडू म्हणून मी ती लाथेने उडवली असती. जुईने बाटलीतले थोडे पाणी तिच्यावर ओतले. "लगेच नाही होत. पण उघडते. हिरवी होते. इथं आत एक सर यांच्यावरच काम करतात. वर्षातले कितीतरी महिने या अशाच मिटून बसतात, तरी मरत नाहीत. ते कसं, ते कुणाला पूर्ण माहीत नाही. मी सरांना विचारलं, मला हे करता येईल का."

"तू विचारलंस?"

"त्यांनी आधी विचारलं. मला वेळ लागला. ते थांबले." जुई उठली. "इथं मला कुणी ओळखत नाही, आबा. मी बोलले नाही तर माझ्यासाठी कुणीच बोलणार नाही. मला तेच पाहिजे. होस्टेलवर राहणार."

एवढे सलग बोलताना मी तिला कधी ऐकले नव्हते. मला वाईट वाटले का? वाटले. तारनाक्याच्या त्या पायऱ्यांवर मी माझी सुटका मांडून ठेवली होती आणि पोरीने ती उचलून बाजूला केली. पण ती बरोबर बोलत होती, आणि बरोबर बोलणाऱ्याच्या मध्ये मी आयुष्यात पुष्कळ वेळा बोललो आहे.

संध्याकाळी जामबागेत अक्काने कॉट झाडून ठेवली होती. जिन्यात मी जुईला म्हणालो, "अक्काला मी सांगतो." ती म्हणाली, "नको. मीच सांगते." आणि चपला काढता काढताच तिने सांगून टाकले, "अक्काआजी, मी तुमच्याकडे राहणार नाही. मी नव्या विद्यापीठात चाललेय. पण रविवारी येईन."

अक्का कॉटवर बसली. औषधांच्या बाटल्या तिने फळीवरून उतरवून खाली ओळीने मांडल्या होत्या. त्यांच्याकडे पाहत ती म्हणाली, "हौ. हे असं तोंडावर सांगायचं असतं. माझी फळी उगीच रिकामी झाली, पण चालतंय." मग तिने जुईला जवळ बोलावले. "रविवारी खट्टी डाळ करीन. आणि पोट भरलं की काय म्हणायचं?"

"नक्को," जुई म्हणाली.

निघताना अक्काने निळ्या फुलांची चादर जुईच्या पिशवीत घातली. जुई म्हणाली, होस्टेलला मी घरून आणीन. अक्का म्हणाली, "तुला कोण देतंय? ही तुझ्या आईला दे. तिची राहिली होती."

देगलूर

घरी पोहोचलो तेव्हा शैला पोळ्या करत होती. तिने नेहमीच्या सवयीने मलाच विचारले, "काय ठरलं, बाबा?"

"जुईला विचार," मी म्हणालो आणि पाय धुवायला गेलो. परत आलो तरी जुई बोलतच होती. दगड, ती मिटलेली वनस्पती, थांबणारे सर, म्हैस. तव्यावरची पोळी करपली. शैलाने ती उलटली नाही.

प्रवेश सोमवारी पक्का झाला. त्यानंतर मी हे सर्व लिहून काढले आणि नातेवाइकांकडे पाठवण्याआधी शैलाला वाचून दाखवले. ती वह्या तपासत ऐकत होती. ज्या ठिकाणी मी लिहिले आहे की ती "चालेल" म्हणाली, तिथे तिने पेन खाली ठेवले.

"मी चालेल म्हटलं नव्हतं, बाबा. मी काहीच म्हटलं नव्हतं. आई म्हणाली होती, चालेल तिला."

मी आठवून पाहिले. तिचे खरे असावे. तेव्हा वाचणाऱ्याने वरचे ते वाक्य दुरुस्त करून घ्यावे. मी मुद्दाम तसेच ठेवले आहे, म्हणजे खरे सांगायला बसलेला माणूसही किती सहज दुसऱ्याच्या तोंडी शब्द घालतो ते दिसेल.

मग तिने चादर उघडली. पलंगावर घातली, कोपरे ताणले, हात फिरवला आणि तिथेच बसून अक्काला फोन लावला. "अक्काआत्या, मी शैला," ती म्हणाली. पलीकडून या वेळी लगेच फोन ठेवला गेला नाही.

मी उठून बाहेर गेलो आणि दार ओढून घेतले. त्या दोघी बराच वेळ बोलत होत्या. काय बोलल्या ते मी ऐकले नाही आणि विचारलेही नाही. म्हणून ते इथे लिहिलेले नाही.